कमला हॅरिस ‘अचानक काळ्या’ कधी झाल्या?

३१ जुलै २०२४ ला शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, कमला हॅरिस आधी फक्त भारतीय म्हणून मिरवायच्या, काही वर्षांपूर्वी अचानक काळ्या झाल्या. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर ते अजून अधूनमधून येतं, वर आपली फोडणी: ‘मतांसाठी आईचं मूळ लपवलं.’ (आई भारतातली तमिळ, वडील जमैकाचे कृष्णवर्णीय.)

आधी ते ‘अचानक’ बघू. १९८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली ती वॉशिंग्टनच्या हॉवर्डमधून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठांपैकी एकातून. तिथेच १९०८ साली सुरू झालेल्या, कृष्णवर्णीय मुलींच्या अल्फा कप्पा अल्फा संघटनेच्या त्या सदस्य झाल्या. त्याच्याही आधी, लहानपणी, शेजारच्या शेल्टनबाई दोघी बहिणींना रविवारी ओकलंडच्या चर्चमध्ये न्यायच्या. २०२१ मध्ये उपाध्यक्षपदाची शपथ दोन बायबलांवर झाली, त्यातलं एक या शेल्टनबाईंचं.

आईचं मूळ लपवलं? लपवणारी बाई ऑगस्ट २०२० च्या उमेदवारीच्या भाषणात, अख्खी अमेरिका ऐकत असताना, ‘चित्ती’ हा तमिळ शब्द वापरत नाही. चित्ती म्हणजे आपली मावशी. आणि दोन्ही मुली काळ्या म्हणूनच वाढणार, हे आईला, श्यामला गोपालन यांना, पक्कं ठाऊक होतं असं हॅरिस यांनी २०१९ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

मराठीत इथे एक घोळ होतो. ‘काळी’ म्हटलं की आपल्याला कातडीचा रंग दिसतो, लग्नाच्या बायोडेटात ‘गव्हाळ’ लिहितो तसा. अमेरिकेत तो इतिहास आहे. व्हर्जिनियात १९२४ च्या कायद्याने आफ्रिकी रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस गोरा धरला जात नसे.

‘बरं, मग अर्धी-अर्धी म्हणायचं की!’ कुठे म्हणायचं? जनगणनेच्या फॉर्मवर एकाहून जास्त वंशांना खूण करायची सोय २००० साली आली. हॅरिस तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. १९७० च्या फॉर्मवर भारतीयांसाठी रकानाच नव्हता, त्यांना गोऱ्यांत मोजलं. म्हणजे सरकारदरबारी श्यामला गोऱ्या! मिश्र घरातल्या कुणाला एकच वंश सांगता येत नसेल, तर १९७० मध्ये वडिलांचा धरायचा आणि १९८० मध्ये आईचा, असा नियम. ‘एशियन इंडियन’ हा रकानाही १९८० चाच. म्हणजे तीच मुलगी, जागची न हलता, दहा वर्षांत काळीची भारतीय होऊ शकत होती.

सोय आल्यावरही सगळे सारखं उत्तर देत नाहीत. ओबामांची आई गोरी. तरी २०१० मध्ये त्यांनी फक्त ‘कृष्णवर्णीय’वर खूण केली. गोल्फपटू टायगर वुड्सने उलट केलं, चार-पाच मुळांची मोट बांधून ‘कॅब्लिनेशियन’ हा शब्दच बनवला. यातला खोटं कोण बोलतंय? माझ्या मते कुणीच नाही.

राहता राहिलं आडनाव. आपण बापाचं नाव लावतो ना? त्या हिशोबाने हॅरिस हे जमैकाच्या डोनाल्ड हॅरिस यांचं. पण ज्या काकांनी हे फॉरवर्ड टाकलं, त्यांनीच २०२० मध्ये ‘आपली कमला’ म्हणून पेढ्यांचा फोटो टाकला होता. तेव्हा बापाची चौकशी कुणी केली नव्हती.