गंभीर खेळ होतेच की!

निन्टेंडोच्या ‘वी’ या गेम कन्सोलवरच्या लेखातलं ‘वी आणून निन्टेंडोने जुन्या खेळाडूंना वाऱ्यावर सोडलं’ हे विधान अजिबात पटलं नाही. २००६ मध्ये वीसोबतच झेल्डा मालिकेतला ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा खेळ आला, पुढच्याच वर्षी ‘मेट्रॉइड प्राइम ३’ आणि ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’. याहून कसदार काय हवं होतं? गॅलेक्सीतल्या इवल्याशा ग्रहांवर उलटं धावताना पोटात गोळा यायचा! त्याच वीवर आमचे बाबा रिमोटचा पट्टा मनगटात अडकवून, जीभ दाताखाली धरून बोलिंगचा नेम धरायचे. त्यांच्यामुळे माझा मारिओ कुठे कमी झाला?

राग काढायचाच तर २००८ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेम प्रदर्शनावर काढा. निन्टेंडोच्या मंचावर ‘वी म्युझिक’ या वाद्यं वाजवायच्या हलक्याफुलक्या खेळाचं कौतुक चाललेलं आणि नव्या झेल्डाचा पत्ताच नाही. तिथे चाहते खरंच दुखावले, आणि ते रास्तच होतं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.