हे करतात ते सोडून

पंचवीस वर्षं मी मोटारसायकलवर मागं बसले. दोन्ही पाय एका अंगाला, मांडीवर पिशवी, एक हात ह्यांच्या खांद्यावर अन् दुसरा पदरावर. या आसनात मी जिंतूर पाहिलं, गंगाखेड पाहिलं, वसमतपर्यंतचा सगळा रस्ता पाहिला, पण फक्त डाव्या बाजूचा. उजवीकडं काय आहे ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

मागच्या दिवाळीला लेकीनं पुण्याहून पैसे पाठवले अन् दारात स्कूटी उभी राहिली. माझ्यासाठी. गाडीला हळदीकुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवून झालं, आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, नारळ फोडला. सगळं झाल्यावर धाकटा म्हणाला, "मम्मी, लायसन?"

"गल्लीतल्या गल्लीत कोण विचारायलंय?" हे म्हणाले.

"पप्पा, विनालायसन सापडली तर ५००० दंड आहे."

"पाच हजार?" ह्यांचा आवाज बसला. "एवढा भाव तर सोयाबीनच्या क्विंटलालाबी मिळंना. काढ गं लायसन."

अशा रीतीनं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी परीक्षार्थी झाले.

पहिला धक्का फॉर्मनंच दिला. सगळं जग ज्याला लायसन म्हणतं त्याला सरकार ‘अनुज्ञप्ती’ म्हणतं. मी ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ असं मोठ्यानं वाचलं तर आत्याबाई देवघरातून बाहेर आल्या अन् म्हणाल्या, "कधीपासून व्हायलंय? डॉक्टरला दाखवलं का?" गंमत म्हणजे डॉक्टरला दाखवावं लागलंच. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. शिवाय आपलं आपण लिहून द्यायचं असतं : फिट येते का, चक्कर येते का, रात्री दिसतं का, पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. नेहमीचा हॉर्न ऐकू येऊ नये इतका बहिरेपणा आहे का, असाही एक प्रश्न होता. तो वाचताना मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांना हॉर्न ऐकू येतो. हाक येत नाही. त्याला फॉर्ममधे रकाना नाही.

परीक्षा घरबसल्या देण्याची सोय आपल्याकडं २०२१ पासून आहे. आधार नंबर टाकायचा, कॉम्प्युटरसमोर बसायचं, झालं. पण ‘घरबसल्या’ हा शब्द बाईमाणसानं काढलेला नाही हे नक्की. घरात मी बसलेली दिसले की कुणाला तरी चहा आठवतो. अन् मधीच नळाला पाणी आलं तर कसली परीक्षा अन् कसलं काय. मी आरटीओ ऑफिसातली तारीख घेतली.

अभ्यास सुरू झाला. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की पास. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो खरं, पण जर्मनीत याच परीक्षेला तीस प्रश्न असतात असं धाकट्यानं सांगितलं. म्हणजे तिथंही आपण निम्म्यावर.

चिन्हांचं प्रकरण मी माझ्या पद्धतीनं मिटवलं. गोल चिन्ह म्हणजे भाकरी. ती थापायलाच लागते, म्हणजे हुकूम. त्रिकोण म्हणजे समोसा. खा, पण जपून, म्हणजे धोक्याची सूचना. चौकोन म्हणजे लग्नपत्रिका, नुसती माहिती, जायचं की नाही तुमचं तुम्ही बघा. आठ कोनांचा ‘थांबा’ अन् ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ सांगणारा उलटा समोसा, हे दोघं मात्र आकारानं वेगळे असून हुकूमच. गोलावर एक तिरपी रेघ असली तर गाडी लावू नका, दोन रेघांची फुली असली तर नुसतं थांबूसुद्धा नका. फुली बघितली की मला माझ्या थोरल्या नणंदेचं अंगण आठवतं. चूक झाली नाही एकदाही.

नियमांचं मात्र अवघड होतं. चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा एक नियम आहे. परभणीत चढ म्हणजे स्पीडब्रेकर. हे असलं डोक्यात बसायचं कसं?

मग हे मदतीला आले. ह्यांच्याकडं लायसन आहे अन् गाडी चालवायचा अनुभव माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला अन् म्हणाले, "विचार. पुस्तकात नसतंय ते, रोडवर असतंय."

मी वाचलं, "पादचारी रस्ता ओलांडण्यासाठी पट्ट्यांजवळ थांबले आहेत. तुम्ही काय कराल? एक, हॉर्न वाजवून पुढे जाल. दोन, वेग कमी करून हॉर्न वाजवत जाल. तीन, गाडी थांबवून त्यांना जाऊ द्याल."

"एक," हे म्हणाले. "हॉर्न दिला की थांबतेत."

उत्तर तीन होतं.

"पुढच्या वाहनाला कोणत्या बाजूने ओलांडाल?"

"जिकडून जागा हाय तिकडून." हा पर्यायच नव्हता. खरं तर ह्याचं उत्तर मला माझ्या गुडघ्यांनी सांगितलं असतं. उसाचा हंगाम आला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी वाजवत रस्त्याच्या मधोमध चाललेला असतो, मागं लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. अन् आमची गाडी त्याच्या डाव्या अंगानं, मुरुमातून, बाभळीला घासत पुढं जाते. डाव्या बाजूला पाय माझे असतात. उजवीकडून ओलांडा असं पुस्तकात छापलेलं वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं.

"रक्षक नसलेलं रेल्वे फाटक आलं तर?"

"कोण नसल्यावर मग काय? जायचं."

बरोबर उत्तर असं आहे : गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला थांबवायची, स्वतः उतरायचं, रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडून गाडी येत नाही ना ते बघायचं, मग परत यायचं अन् मग गाडी घेऊन जायचं. मी हे वाचून दाखवलं तर हे इतके हसले की चष्मा काढावा लागला. हसणारच. रक्षक असलेलं, बंद झालेलं फाटकसुद्धा ह्यांना कधी अडवू शकलेलं नाही. मला आधी उतरवतात. मग गाडी एका कुशीवर कलती करतात, हँडल आधी आत, मग टाकी, मग सीट, असं बाळंतपण केल्यासारखं तिला दांड्याखालून पलीकडं काढतात. मी मेथीची जुडी छातीशी धरून कंबरेत वाकून मागून जाते. पलीकडं गेल्यावर मला म्हणतात, "लवकर बस, गाडी यायली."

हेल्मेटचा प्रश्न मी विचारलाच नाही. ते आरशाला अडकवलेलं असतं अन् आठवडी बाजाराला त्यात अंडी बसतात.

असे दहाएक प्रश्न झाले अन् मला एकदम लख्ख उजेड पडला. अभ्यास कशाला करायचा? पंचवीस वर्षं मागं बसून माझा अभ्यास झालेलाच आहे की! प्रश्न वाचायचा, डोळे मिटायचे, ह्यांची पाठ समोर आणायची. इथं हे काय करतील? जे करतील त्या पर्यायावर फुली. उरलेल्यातला जो जास्त सोशिक वाटेल तो धरायचा.

धाकट्यानं मोबाईलवर सराव घेतला. पंधरात तेरा. परत घेतला. चौदा. "मम्मी, कसं काय?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "अनुभव."

एकच जागा कच्ची राहिली. दारूचा प्रश्न. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, हा आकडा पाठ करावा लागला, कारण हे माळकरी. तिथं ह्यांचा काही उपयोग नाही.

परीक्षेच्या दिवशी मी मोटारसायकलवर मागंच बसून गेले, कारण स्कूटी चालवायला लायसन नव्हतं. बाकी सगळी पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. एकानं मला विचारलं, "मावशी, मुलाला घेऊन आलात का?" मी म्हणाले, "नाही, नवऱ्याला."

कॉम्प्युटरवर घड्याळ उलटं पळत होतं. पादचारी आले, ह्यांची पाठ आली, फुली, बरोबर. अरुंद पूल आला. समोरून गाडी पुलावर शिरायला लागली तर काय? हे लाइट मारून आपली गाडी आधी घालतात. फुली, थांबले. मधे एक-दोन चिन्हं अशी आली की ती भाकरीतही बसेनात अन् समोशातही. गडबडीत चुकली. तरी गणित जमत होतं.

मग तो प्रश्न आला. जनावर सांभाळणाऱ्या माणसाला जनावर बुजेल अशी भीती वाटली अन् त्यानं तुम्हाला थांबायला सांगितलं, तर काय कराल? थांबाल, की वेग कमी करून जाल, की हॉर्न वाजवून जाल?

मी डोळे मिटले. ह्यांची पाठ आली. पाठीपुढं बैलजोडी आली.

आता हे शेतकऱ्याचं लेकरू. रस्त्यात बैल दिसला की हे कुणी सांगायची वाट बघत नाहीत. दहा हात अलीकडंच गाडी थांबते. इंजिन बंद होतं. "बुजंल गं ते," असं हळू आवाजात म्हणतात, तसा हळू आवाज त्यांनी माझ्याशी बोलताना कधी काढल्याचं मला आठवत नाही. मग गाडी सोडून पुढं जातात. देवणी जातीची असली तर तिच्या अंगावरचे काळे-पांढरे ठिपके बघतात, लाल कंधारी असली तर वशिंडावरून हात फिरवतात. दात बघतात. "कितीला पडली जोडी?" हे विचारतात. घ्यायची नसते. जमीन वाट्यानं दिल्यापासून आमच्या गोठ्यात सायकल असते. तरी पोळ्याच्या आधीच्या बाजारात किती अन् नंतर किती, हे सगळं बोलणं होतं, तंबाखू होते, अन् मी चव्वेचाळीस डिग्रीत रस्त्याच्या कडेला पिशवी धरून उभी. एकदा तर माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न लागून गेलं, आम्ही पंगतीला पोचलो.

माझा राग सगळा वर आला. गाडी थांबवणे? फुली! ‘वेग कमी करून जाल’ यावर मी असं बटण दाबलं की शेजारच्या पोरानं वळून बघितलं.

आठ.

पंधरापैकी आठ. नऊ लागतात.

बाहेर टपरीवर धाकट्यानं मुरमुऱ्याची सुशीला मागवली, अन् मोबाईलमधे एकेक प्रश्न काढून बघायला लागला. चिन्हांचं कळलं. वेगमर्यादेचं कळलं. मग म्हणाला, "मम्मी, हे बैलाचं कामून चुकवलंस? सोपं होतं की. थांबायचं."

मी काही बोलले नाही. पण ह्यांनी घास हातातच धरला. "म्हंजे मी करायलो ते बरोबर हाय?"

"हाव पप्पा. नियमच आहे."

"लेखी?"

"लेखी."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सरकारनं ह्यांची बाजू घेतली होती, अन् ती माझ्या मार्कावर. त्या दिवशी घरी जाताना हे दोनदा उगीचच मागं वळून बोलले. "बघ, नियम हाय ते." तिसऱ्यांदा वळले तेव्हा समोर रिक्षा होती.

परीक्षेचे पन्नास रुपये परत भरले, दुसरी तारीख घेतली, अन् या खेपेला अभ्यास केला. खराखुरा, पाठ करून, ह्यांना मधे न घेता. तेरा मिळाले.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, पण तीस दिवस झाले की पक्क्यासाठी अर्ज करता येतो. तोवर गाडीला पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा असतो. तो ह्यांनी हौसेनं आणला अन् उलटा चिकटवला. आठ दिवस आमच्या गाडीवर ७ होतं. समोरच्या काकूंनी विचारलं सुद्धा, "सात नंबर लाभतो का हो?"

मागच्या रविवारी मी पहिल्यांदा गल्ली सोडली. शिकाऊ माणसानं मागं बसवायचं तर शिकवणाऱ्यालाच, तोही लायसनवाला. म्हणून मागं हे. मांडीवर पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर. जिंतूर रोडला लागल्यावर मी पहिल्यांदा दोन्ही बाजू बघितल्या. उजवीकडं रसवंती आहे, एक मारुतीचं देऊळ आहे अन् बरीच मोठी चिंच आहे. पंचवीस वर्षं होती म्हणे.

"हळू," मागून आवाज आला. मग तोच, हळू आवाज. "थांब गं. बुजंल ते."

समोर जोडी होती. लाल कंधारी, शिंगांना नवा रंग. मी डाव्या बाजूला घेतलं, थांबले, चावी फिरवली. हे उतरून पुढं गेलेसुद्धा. "राम राम पाव्हणं. कितीला पडली?" एवढं ऐकू आलं, पुढचं नाही.

शिकवणारा गाडीवर नसताना शिकाऊ माणसानं गाडी हलवायची नाही, हे मला आता पाठ आहे. मी उतरले अन् डबल स्टँड लावला.