प्रोबेशन ऑफिसरबद्दल कोणीच का बोलत नाही?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यानंतर बालन्याय मंडळाने जामीन देताना सांगितलेला तो ३०० शब्दांचा निबंध! सगळा महाराष्ट्र पेटून उठला, आणि ते बरोबरच होतं. पण पुढे चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा की नाही? जुलै २०२५ मध्ये मंडळाने ती मागणी फेटाळली. मग अल्पवयीन ठरलेल्या मुलाबरोबर नेमकं करायचं काय, हे मात्र कोणी विचारलंच नाही.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने हे काम परिविक्षा अधिकाऱ्यावर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या प्रोबेशन ऑफिसरवर सोपवलंय. मुलगा मंडळापुढे आला की पंधरा दिवसांत त्याचं घर, शाळा, संगत, व्यसन पाहून सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. दोषी ठरल्यावरही कलम १८ प्रमाणे मंडळ त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, तीन वर्षांपर्यंत देखरेखीखाली घरी ठेवू शकतं. तरतूद उत्तम आहे. पण देखरेख म्हणजे तारखेला येऊन सही करणं एवढंच उरलं, तर त्यातून कुठला मुलगा बदलणार?

या वयाच्या मेंदूबद्दल आता बरंच कळलंय. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाचा २०११ चा एक प्रयोग पाहा. गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकाच धोका पत्करत होती. मित्र बघतायत एवढं कळलं, की त्यांचा धोका वाढला, मोठ्यांचा नाही. फिलाडेल्फिया आणि फिनिक्समध्ये गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांचा सात वर्षं माग घेतला गेला. बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर खूप कमी झाले, आणि जास्त काळ कोंडून ठेवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण काही घटलं नाही.

याचा अर्थ गुन्हा माफ करा, असा मुळीच नाही. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्यापुढे असं म्हणायची माझी हिंमत होणार नाही. मी एवढंच म्हणतेय, की सोळा वर्षांच्या पोरावर वीस अटी लादल्या तर तो त्या मोडणारच, आणि मग अट मोडली म्हणून पुन्हा निरीक्षणगृहात जाणार. तिथे त्याला भेटणार कोण? तीच संगत! त्यापेक्षा अटी मोजक्या ठेवा, त्याच्या संगतीला धरून ठरवा. दोन महिने शाळा चुकवली नाही, तर प्रोबेशन ऑफिसरकडची हजेरी कमी करा. शाबासकी या वयात धाकापेक्षा जास्त लागू पडते.

बड्या घरच्या मुलाला वकील मिळतो. वस्तीतल्या मुलाचा जामीनदारच उभा राहत नाही, त्याच्या बाजूने बोलणारा कागद म्हणजे तो अहवालच. तो एका धावत्या भेटीत उरकला जाऊ नये. म्हणून माझी मागणी साधी आहे: प्रत्येक जिल्ह्यात ही पदं भरा, एका अधिकाऱ्याकडे किती मुलं असावीत याची मर्यादा घाला, आणि आईबाप कामावरून घरी येतात त्या वेळी, संध्याकाळी, त्याला वस्तीत जाता यावं म्हणून प्रवासभत्ता द्या.