‘पहिला हात गुळगुळीत, सिमेंट भरपूर’: बाहेरच्या गिलाव्याचा हा सल्ला भिंत फोडणारा आहे

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात ओल येते ती सिमेंट कमी पडल्यामुळे, म्हणून बाहेरच्या गिलाव्याला एकास दोन माल (एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू) वापरा, पहिला हात, म्हणजे खालचा थर, रंध्याने (गवंड्याच्या घोटायच्या लाकडी फळीने) घोटून गुळगुळीत करा, चिरा (भिंतीतला जांभा दगडाचा ठोकळा) कोरडाच ठेवा, पहिल्या हाताला खाडीची वाळू चालते, आणि काम मे अखेरीस उरका, पाणी मारायचं काम पाऊसच करतो.

सिमेंटचं आधी घेऊ, कारण पैसे तिथेच जातात. सिमेंट वाढलं की मालाला पाणीही जास्त लागतं आणि वाळताना तो जास्त आकसतो. खाली जांभ्याचा मऊ, सच्छिद्र चिरा, वर कडक सिमेंटचा थर. आकसताना थर एक तर चिऱ्यापासून सुटतो, नाही तर केसाएवढ्या बारीक तडा देतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आपटणारी झड याच तडांतून आत शिरते आणि आत गेलेलं पाणी कडक थरामुळे लवकर बाहेर पडत नाही. मग ओल आली म्हणून पुढच्या खेपेला आणखी सिमेंट! बाहेरच्या कामाला एकास चार पुरतो. दुसरा हात तेवढाच किंवा थोडा हलका, पहिल्यापेक्षा कडक कधीच नको.

गुळगुळीत पहिला हात म्हणजे तर कामाची पायरीच चुकली. पहिल्या हाताचं काम दुसऱ्याला धरून ठेवणं. साधारण 12 ते 15 मिलिमीटरचा थर थापीने जोरात फेकून चढवायचा, ठिय्यांच्या (जाडी ठरवायला आधी लावलेल्या मालाच्या खुणांच्या) आधाराने पट्टीने सारखा करायचा आणि माल घट्ट होऊ लागला, पण बोट रुतण्याइतका ओला असला, की खिळे ठोकलेल्या फळीने आडवे नागमोडी ओरखडे काढायचे. खोली 3 मिलिमीटरच्या आसपास. चिरा उघडा पडेपर्यंत नाही. जुन्या घराचा गिलावा पत्र्यासारखा पडलेला दिसला तर तो तुकडा उलटा करून बघा. पाठ आरशासारखी गुळगुळीत असेल तर खालचा हात घोटलेला होता, हे कुणाला विचारायची गरज नाही. नुकत्याच केलेल्या भिंतीवर थापीच्या दांड्याने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तिथे गिलावा सुटलेला आहे.

चिरा कोरडा ठेवण्यामागची भीती समजते, पण कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेतो आणि सिमेंट अर्धवट जमतं. आदल्या दिवशी भिंत भिजवायची, गिलाव्याच्या वेळी अंगावर पाणी चमकत नसावं. काँक्रीटच्या खांबांना टाचे मारायचे (छिन्नीने खाचा पाडायच्या) आणि चिरा-काँक्रीटच्या सांध्यावर चिकन जाळी बसवायची. माल आधी कोरडाच, एकरंगी होईपर्यंत मिसळायचा. पाणी घालायचं ते अर्ध्या तासात संपेल एवढ्याच मालाला. घट्ट झालेल्या घमेल्यात पुन्हा पाणी ओतणाऱ्या गवंड्याला तिथल्या तिथे अडवावं, राग आला तरी चालेल.

खाडीची वाळू: नको. त्यातलं मीठ पुढे लोणा (भिंतीवर येणारा खारा पांढरा थर) होऊन फुटतं आणि जाळी, सळ्या गंजवतं. पहिला हात झाकला जातो म्हणून मीठ झाकलं जात नाही.

उरला पाऊस. सात दिवस पाणी मारणं म्हणजे भिंत सतत ओलसर ठेवणं. पहिली जोरदार सर ताज्या गिलाव्यातलं सिमेंट धुऊन नेते, मग दोन दिवस कडक ऊन पडतं; याला पाणी मारणं म्हणत नाहीत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणूनच पडवीला झापांची झड (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचा आडोसा) लावायची पद्धत आहे. तेव्हा गवंडी मेच्या शेवटच्या आठवड्यात मोकळा झाला तर त्याला आतल्या भिंती द्या. दरजा (चिऱ्यांमधले सांधे) नीट भरलेला उघडा चिरा एक पावसाळा सहज काढतो. बाहेरचं काम दिवाळीनंतर घ्यावं.