कमरेवर हात ठेवून कोणी पात्रांव (म्हणजे साहेब) होत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. त्यात एक आमचा एचआरवाला, एक भाचा जो आत्ता कुठे नोकरीला लागलाय, आणि एक चक्क माझी बायको, तिने वर एक अक्षर न लिहिता नुसता फॉरवर्ड केला, आता त्याचा अर्थ काय घ्यायचा तो मी घेतला. 'लोक तुमचं का ऐकत नाहीत? लीडर बनण्याचे सहा मंत्र' असं त्याचं नाव. मंत्र थोडक्यात असे: बोलण्यात शब्दांची किंमत फक्त 7 टक्के, बाकी 93 टक्के आवाज आणि बॉडी लँग्वेज. मीटिंगच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं रहा, हार्मोन बदलतात. 'मला माहीत नाही' आणि 'माझं चुकलं' ही वाक्यं कधी तोंडातून काढू नका. टीमला बजावून ठेवा, प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन या. स्टाफपासून हातभर लांब रहा. आणि आधी पद मिळवा, पदाशिवाय इन्फ्लुएन्स नाही. खाली सिंहाचं चित्र, ते असतंच.

मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे, एकोणीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी जवळजवळ या मेसेजप्रमाणेच वागलो. म्हणून बोलतोय.

तर ते 93 टक्के. हा आकडा हवेतून आलेला नाही, पण जिथून आला तिथे त्याचा अर्थ वेगळाच होता. अल्बर्ट मेहराबियन नावाचे मानसशास्त्रज्ञ, त्यांचे 1967 चे दोन छोटे प्रयोग. लोकांना एकेकटे शब्द ऐकवले, निरनिराळ्या आवाजात, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो, आणि विचारलं की या बोलणाऱ्या माणसाला समोरचा आवडतो की नाही आवडत. एका प्रयोगातला शब्द होता 'मेबी', म्हणजे आपल्याकडचं 'बघूया'. आता 'बघूया' या शब्दाचं सगळं सुरावरच असतं हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी, सरकारी ऑफिसात फाईल घेऊन गेलेल्या कोणालाही विचारा, कुठल्या 'बघूया'ला उद्या यायचं आणि कुठल्या 'बघूया'ला परत यायचंच नाही ते तो सांगेल. पण म्हणून सगळ्याच बोलण्यात शब्द 7 टक्के? मेहराबियन स्वतःच सांगत आलेत की हे गणित फक्त आवड-नावड, भावना असल्या बोलण्यापुरतं आहे. आमच्या लाईनवर हावेरीचा एक हेल्पर आहे, तो चिडून कन्नडमध्ये बोलायला लागला की मला एवढंच कळतं की तो चिडलाय. कशावर, कुठलं मशीन, किती वाजता, यातलं काहीही कळत नाही. 93 टक्के माझ्याकडे आहेत आणि तरी मला दुभाष्या लागतो!

दुसरा मंत्र, पॉवर पोझ. 2010 साली तिघांचा एक पेपर आला, 42 लोकांवरचा, की दोन मिनिटं ऐसपैस पोझ घेतली की टेस्टोस्टेरॉन वाढतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन उतरतं, माणूस धाडसी होतो. 2012 ला त्यावर भाषण झालं, व्हिडिओ जगभर फिरला. मग 2015 मध्ये दुसऱ्यांनी 200 लोकांवर तेच करून पाहिलं तर हार्मोन जागच्या जागी, धाडसही तेवढंच, लोकांना फक्त आतून जरा जोरदार वाटलं इतकंच. आणि 2016 ला मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी जाहीर लिहून टाकलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. खरं तर मला या मंत्रापेक्षा त्या बाईंचं वागणं जास्त शिकण्यासारखं वाटतं, ज्या गोष्टीने नाव झालं तीच चुकली असं उघड म्हणायचं, पण ते मेसेजमध्ये नाही. बाकी विठोबा कधीपासून कमरेवर हात ठेवून उभा आहे, त्याचं वजन पोझमुळे आलं असं एकाही वारकऱ्याला वाटत नाही. याच मंत्रात 'लीडरसारखे कपडे घाला' असंही आहे, ते गोव्यात कोणाला सांगताय? पर्रीकर हाफ शर्ट आणि पायात चपला याच थाटात मुख्यमंत्री झाले आणि दिल्लीत संरक्षणमंत्रीही. राजकारण पटो न पटो, पण इस्त्रीमुळे त्यांचं कोणी ऐकलं नाही हे तर खरं ना.

आता खरा घातक मंत्र, 'प्रॉब्लेम नको, सोल्यूशन आणा'. हा ऐकायला इतका छान आहे की मी तो प्रिंट काढून, लॅमिनेट करून पॅकिंग हॉलच्या बाहेर लावला होता, खोटं का बोलू.

आमच्याकडे गोळ्यांची ब्लिस्टर पाकिटं होतात. फॉइल नीट चिकटलंय की नाही ते बघायला ठराविक वेळाने थोड्या स्ट्रिपा काढून निळ्या पाण्यात बुडवतात, व्हॅक्यूम देतात, मग पुसून उघडून बघायचं, पॉकेटमध्ये निळं दिसलं तर सील गळतंय. एकदा दुपारच्या शिफ्टला निळं दिसलं. म्हणजे मागच्या पास झालेल्या टेस्टपासूनचा सगळा माल बाजूला, डेव्हिएशन म्हणजे गडबडीची लेखी नोंद, क्यूएची म्हणजे गुणवत्ता विभागाची चौकशी, आम्ही सगळे रात्री उशिरापर्यंत तिथेच. चौकशीत ऑपरेटरला विचारलं, तुला काहीच दिसलं नाही का? सत्तरी तालुक्यातला पोरगा, हुशार, हात एकदम साफ. खाली बघून म्हणाला, "दिसलं सर. फॉइलवरची जाळी एका कोपऱ्यात फिकी येत होती, तासभर तरी." मग बोलला का नाहीस? "उपाय माहीत नव्हता ना. रोलर आहे की टेंपरेचर की फॉइलच तसं, काय कळेना. शोधत होतो." माझा लॅमिनेट केलेला कागद त्याच्या पाठीमागेच दिसत होता, दाराच्या काचेतून, उलटा.

ज्याला प्रॉब्लेम आधी दिसतो त्यालाच उपाय माहीत असेल असं कुठे आहे? बहुतेक वेळा नसतोच, उपाय असता तर त्याने कोणाला न सांगता केला असता. टोयोटाच्या कारखान्यात लाईनवरच्या कोणालाही दोरी ओढायची मुभा असायची, अँडन म्हणतात त्याला, आता बऱ्याच ठिकाणी बटण आहे. ओढली की टीम लीडर धावत येतो, दोघं बघतात, तेवढ्या वेळात सुटलं तर ठीक, नाहीतर लाईन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा रे तुझं सोल्यूशन काय. मी कागद दुसऱ्या दिवशी काढला. पण कागद काढल्याने काही झालं नाही हेही सांगतो, कागद काढायला एक मिनिट लागतं आणि लोकांच्या डोक्यातून तो जायला मला दीडेक वर्ष लागलं. कोणी काही दाखवायला आलं की हातातलं सोडून उठायचं आणि त्याच्याबरोबर मशीनपर्यंत चालत जायचं, दहातल्या सात वेळा काहीही नसायचं, आणि त्या सात वेळा तोंड वाकडं करायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण, मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

'मला माहीत नाही म्हणू नका' हा याचाच जुळा भाऊ. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या वॉर्डांत औषध देण्यातल्या चुका मोजल्या, अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. निघालं उलटं, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका! मग लक्षात आलं की त्या जास्त चुका करत नाहीत, त्या लपवत नाहीत. यातूनच पुढे 1999 चा त्यांचा सायकॉलॉजिकल सेफ्टीवरचा पेपर आला, साधं म्हणजे इथे बोललो तर डोकं उडणार नाही याची खात्री. गूगलने 2012 पासून आपल्याच 180 टीम तपासल्या, चांगली टीम कशाने होते म्हणून, त्यांनाही सगळ्यात वर हेच सापडलं. आता ज्या सुपरवायझरच्या तोंडून कधी 'माझं चुकलं' निघालं नाही त्याच्यासमोर हेल्पर ते पहिल्यांदा का म्हणेल?

'पदाशिवाय इन्फ्लुएन्स नाही' याला उत्तर द्यायला मी तुम्हाला फोंड्याकडच्या आमच्या गावात रात्री साडेनऊला देवळाच्या मंडपात नेतो. जत्रेच्या नाटकाची तालीम. डायरेक्टर कोण, तर वीज खात्यातला लाईनमन. नटांमध्ये एक हेडमास्तर, एक पंच, एक बँकेतला, आणि दोन वर्षं मी. याच्याकडे मेमो नाही, इन्क्रीमेंट नाही, कोणाची रजा कापायची सोय नाही. तरी दिवसभर खांबावर चढून आलेला हा माणूस सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालतो आणि स्क्रिप्टला हात न लावता सगळ्यांचे डायलॉग म्हणू शकतो. हेडमास्तर एका एंट्रीला रोज चुकायचे. चौथ्या दिवशी याने तालीम थांबवली नाही, ओरडला नाही, हळूच तबलेवाल्याला विचारलं, "तुका कितें दिसता?" म्हणजे तुला काय वाटतं. तबलेवाला म्हणाला, एंट्रीच्या आधीचा तुकडा लांबतोय, मास्तर वाट बघून बघून वाक्य विसरतात. तुकडा छोटा केला, मास्तर बरोबर आले. मी तिथे विंगेत उभा, मनात म्हटलं, मी असतो तर मास्तरांनाच धरलं असतं.

फ्रेंच आणि रेव्हन या दोघांनी 1959 मध्येच सत्तेचे पाच झरे सांगून ठेवलेत: पद, बक्षीस, शिक्षा, जाणकारी, आणि माणूस आपला वाटणं. पहिले तीन ऑफर लेटरबरोबर मिळू शकतात. लाईनमनकडे त्यातलं काहीही नव्हतं, शेवटचे दोन होते, आणि मंडप भरलेला होता.

राहिला 'हातभर लांब रहा'. यात थोडं खरं आहे, मान्य. शिफ्टमधल्या दोघांबरोबर रोज बसायचं आणि बाकीच्यांना लांब ठेवायचं असं केलं की गट पडतात, उसने पैसे देणं-घेणं सुरू झालं की ओव्हरटाइम वाटताना हात अडखळतो. पण लांब राहिलात तर चवथीचा रोस्टर कसा लावणार?

गोव्याबाहेरच्यांना सांगतो, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, आणि त्या दिवसांत इथे माणसं कामावर मिळणं म्हणजे काय ते इथल्या सुपरवायझरलाच माहीत. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायची असते, सगळं खटलं मूळ घरी जमतं, कोणाचा दीड दिवस, कोणाचे पाच, कोणाचे सात. प्लांट मात्र पूर्ण बंद करता येत नाही. पहिल्या वर्षी मी केबिनमध्ये एकट्याने बसून अगदी न्याय्य वाटणारा रोस्टर केला आणि बोर्डावर लावला. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी सकाळपासून फोन सुरू, कोणाच्या पोटात दुखतंय, कोणाच्या गाडीचं टायर गेलं. चवथीला चार माणसं आली, त्यातला एक मी. पुढच्या वर्षी कोरी शीट कॅन्टीनमध्ये लावली आणि चवथीच्या शिफ्टला पहिलं नाव माझं लिहिलं. दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. मग एकाने लिहिलं, घरी सुतक होतं त्यामुळे यंदा त्यांचा गणपतीच नव्हता. केबिनमधून मला हे सात जन्मात कळलं नसतं. मग सासष्टीतली एक ख्रिश्चन ऑपरेटर, वयाने मोठी, आम्ही सगळे बाय म्हणतो तिला, तिने तिन्ही दिवस आपलं नाव टाकलं आणि मला म्हणाली, "नाताळाक म्हजी याद दवर." लक्षात ठेवतो म्हटलं.

आणि नाताळला विसरलो. ऑडिट होतं, घाई होती, चोवीसच्या रात्रपाळीला तिचं नाव गेलं. ती आली. काही बोलली नाही, मीही दुसऱ्या दिवशी बघितलं तेव्हा मला कळलं. केबिनला न बोलावता लाईनवर जाऊन सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं, ती "जाता" म्हणाली, म्हणजे होतं असं. मेसेजच्या हिशोबाने मी इथे लीडरशिप घालवली. माझ्या हिशोबाने ती आधीच गेली होती, शीट भरताना.

त्यानंतरच्या चवथीला तिने नाव लिहिलं नाही. त्या नाताळला मी डिसेंबर उजाडताच तिची सुट्टी पक्की करून टाकली, तिने मान हलवली, बस. यंदाची कोरी शीट परवा कॅन्टीनमध्ये लावली, वर माझं नाव आहे, सत्तरीच्या पोराचं आहे, हावेरीवाल्याचं आहे. काल जेवताना बाय शीटसमोर बराच वेळ उभी होती, हातात पेन होतं, मग कोणीतरी हाक मारली म्हणून गेली.