‘चाळीस वर्षे झाली, आता काय होणार?’ : जुन्या युद्धनौकांवरील ॲस्बेस्टॉसविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

जुन्या युद्धनौकांवर सेवा केलेल्या माजी नौसैनिकांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ॲस्बेस्टॉसचा (उष्णता रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तंतुमय खनिजाचा) त्रास फक्त बॉयलरखोलीतल्यांना झाला, पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असते, धूम्रपान न करणाऱ्याला भीती नाही, आणि चाळीस वर्षांनंतरही ज्याची प्रकृती ठणठणीत आहे त्याने निश्चिंत असावे. शेवटचा मुद्दा सर्वांत घातक असल्याने आधी तोच घेतो.

मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्यानंतर साधारण २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. विशीत जहाजावर चढलेल्या खलाशाला तो साठी-सत्तरीत गाठू शकतो; चाळीस वर्षांची शांतता हा या रोगाचा स्वभावच आहे, सुटका झाल्याचा पुरावा नव्हे. संपर्क आलेल्या बहुतेकांना तो होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. परंतु धाप लागते, छातीत दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाने वयाला दोष दिला आणि जहाजावरील नोकरीचा उल्लेखच केला नाही, तर निदान लांबते, आणि या रोगात एकेक महिना मोलाचा असतो.

बॉयलरखोलीत आणि इंजिनखोलीत धूळ सर्वाधिक होती, हे खरे. मात्र ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असलेले वाफेचे नळ झोपण्याच्या जागांमधूनही जात, तोफांच्या हादऱ्याने त्यांची भुकटी झडे, आणि दुरुस्तीच्या वेळी ते वेष्टण फोडताना उडालेली धूळ बंदिस्त जागेत जवळपासच्या सर्वांच्याच श्वासात जाई. अमेरिकी नौदलाचे प्रमुख राहिलेले ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट २००० साली मेसोथेलिओमानेच गेले. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या पत्नींनाही हा रोग झाल्याच्या नोंदी आहेत.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जहाजांवर तपकिरी आणि निळे ॲस्बेस्टॉसही वापरले जाई, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. ब्रिटनने निळ्या-तपकिरीवर १९८५ मध्ये, तर पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी घातली.

मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध आढळलेला नाही. आयुष्यात एकही सिगारेट न ओढलेल्यालाही तो होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी: ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे जो माजी नौसैनिक अजून सिगारेट ओढतो, त्याला ती आज सोडूनही खरा लाभ होईल.