मिशी नाही असं कुठे लिहिलंय?

माझी कथा छापून आली आणि त्यात माझ्या सदानंदला मिशी होती.

एवढंच झालंय. घरच्यांच्या मते तर काहीच झालेलं नाही. पण परवापासून माझं डोकं फिरलंय, कारण सदानंदला मिशी नाही. कधीच नव्हती. चार वर्षं हा माणूस माझ्या डोक्यात मुक्काम ठोकून आहे, सहा वेळा मी त्याची कथा फाडून परत लिहिली, त्याच्या बनियनला भोक कुठे आहे तेसुद्धा मला माहितीये, आणि मासिक उघडते तर अर्धं पान व्यापून हा कोण सुभेदार बसलाय? मिशीही साधीसुधी नाही, टोकं वर वळवलेली. अहो, माझा सदानंद प्रूफरीडर आहे. रस्ता ओलांडताना थांबलेल्या गाडीलाही तो सॉरी म्हणतो.

संपादकांना फोन केला तर त्यांनी सुटल्यासारखा चित्रकाराचा नंबर दिला, म्हणाले तुम्हीच बोलून घ्या.

चित्रकार तोंडात काहीतरी चघळत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मिशी नाही असं कुठे लिहिलंय?"

"अहो, जे नाही ते कशाला लिहू? त्याला शेपूट नाही असंही मी लिहिलेलं नाही."

"शेपूट काढलं का मी?"

"नाही."

"मग?"

यावर काय बोलणार. मी गप्प बसलेली बघून त्यांना जोर चढला. "नाक आहे असं तरी कुठे लिहिलंय तुम्ही? दोनदा वाचली मी कथा. नाक नाही, कान नाहीत, भुवया नाहीत. सगळं मी माझ्या पदरचं घातलं. त्याबद्दल कोणी फोन केला नाही."

मी म्हटलं, नाक सगळ्यांना असतं, मिशी सगळ्यांना नसते. त्यावर त्यांनी कागदांची फडफड केली (माझी कथा त्यांनी चक्क समोर घेऊन ठेवली होती) आणि मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. 'आरशात बघत त्याने वरच्या ओठावरून बोट फिरवलं.' "आता सांगा. मिशी नसलेला माणूस वरच्या ओठावरून बोट कशाला फिरवेल?"

"तो अस्वस्थ आहे हो. दाढी करताना कापलंय त्याला."

"कापलंय हे कुठे लिहिलंय?"

ते खरंच लिहिलेलं नव्हतं. चौथ्या खर्ड्यात होतं, पाचव्यात मी काढून टाकलं, सूचक वाटावं म्हणून. सूचक!

"आणि मॅडम, राग मानू नका," हे वाक्य आलं की राग मानायची तयारी ठेवावी, "पण तुमच्या कथेत घडत काही नाही. माणूस उठतो, खिडकीशी जातो, परत येऊन बसतो. मी काढू काय? खिडकी? खिडकी मागच्या अंकात काढली. म्हणून म्हटलं, निदान मिशी तरी असू दे."

इथपर्यंतही मी सहन केलं असतं. पण मग ते एकदम सौम्य झाले आणि म्हणाले, बरं, पुढच्या वेळी लक्षात ठेवतो, सांगा कसा दिसतो तो. नाकापासून सुरू करू.

मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. सदानंदची मान मला दिसते, पाठीमागून, एका बाजूला आत दुमडलेली कॉलर दिसते, कानावर खोचलेलं लाल पेन दिसतं, त्याचा खाकरण्याचा आवाज तर आत्ताही ऐकू येतोय. चेहरा मात्र गरम पाण्याची वाफ बसलेल्या आरशासारखा. चार वर्षं मी या माणसाच्या पाठीमागेच उभी होते की काय?

"नाक... साधंच आहे," मी म्हटलं.

"साधं म्हणजे? बसकं, धारदार, पोपटासारखं?"

"मधलं."

"हनुवटी?"

"आहे."

बराच वेळ पलीकडे फक्त चघळणं ऐकू आलं. मग "बरं," म्हणाले. त्या 'बरं'चा अपमान अजून उतरलेला नाही.

आता फोन ठेवल्यावर सुचतं तसं मला सगळं सुचलं. काफ्काचं सांगायला हवं होतं. १९१५ मध्ये त्याची ती माणसाचा किडा होण्याची गोष्ट छापायची होती तेव्हा त्याने प्रकाशकाला कळवलं होतं की किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. आणि त्यांनी ऐकलं! मुखपृष्ठावर दारासमोर तोंड झाकून उभा असलेला माणूस आला, किडा नाही. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर तर चित्रंच नको म्हणायचा. १८६२ च्या एका पत्रात त्याचा मुद्दा असा, की बाई चित्रात काढली की ती एकच बाई होते, शब्दांत ठेवली तर वाचणारा हजार बायका बघतो. मला हे फार पटतं, फक्त याच फ्लोबेरच्या एमा बोव्हारीचे डोळे पुस्तकात एके ठिकाणी तपकिरी असून काळे भासणारे आहेत आणि पुढे उजेडात गडद निळे, त्यामुळे तो चित्रकाराच्या तावडीत सापडला असता तर त्याचीही माझ्यासारखीच गत झाली असती.

कॉनन डॉईलचं तर माझ्याहून वाईट. त्याच्या मनातला होम्स दिसायला यथातथाच, मोठं बाकदार नाक, जवळजवळ बसवलेले बारके डोळे. डॉईलच्या म्हणण्याप्रमाणे चित्रकार सिडनी पॅजेटने आपल्या देखण्या धाकट्या भावाला मॉडेल म्हणून घेतलं आणि जगाला मिळाला तो देखणा होम्स. डोक्यावरची ती दोन टोकांची टोपीही पॅजेटचीच करामत, डॉईलने लिहिताना कानपट्ट्यांची प्रवासी टोपी एवढंच म्हटलेलं. पण डॉईलने आत्मचरित्रात होम्सचं हे देखणेपण हसतखेळत मान्य केलंय, वर वाचक बायकांच्या दृष्टीने बरंच झालं असंही म्हटलंय. एवढा मोठेपणा माझ्याकडे नाही.

रात्री नवऱ्याला विचारलं, तू वाचलीस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कसा आला रे सदानंद? तो म्हणाला, आला नाही. म्हटलं, म्हणजे? म्हणाला, कोणीच येत नाही, मला वाटायचं 'डोळ्यांसमोर येणं' ही बोलायची पद्धत आहे. चोवीस वर्षांच्या संसारात हे आत्ता कळतंय! असे लोक असतात म्हणे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्ये लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं तर शिकलेसवरलेले शास्त्रज्ञच म्हणाले की आम्हाला काही दिसत नाही. २०१५ मध्ये मेंदूतज्ज्ञ अॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी त्याला अफॅन्टेशिया असं नावही दिलं. मी विचारलं, मग मी घरात नसताना माझा चेहरा...? "नाही," तो म्हणाला, "पण आलीस की ओळखतो ना."

त्यापेक्षा मावशी बरी. तिला सदानंद लख्ख दिसला. फक्त तिच्या भाच्यासारखा. माझ्या माहितीत मावशीचा भाचा मीच आहे, म्हणजे भाची, पण ती बाजू मी उकरली नाही. पुढे म्हणाली, "मिशीमुळे जरा भारदस्त वाटला गं. नाहीतर नुसता वाचून मिळमिळीत वाटत होता."

तसं बघितलं तर वाचताना मीही काही कमी नाही. नायिकेचे केस सोनेरी आहेत असं कोणी दोनशेव्या पानावर सांगितलं तर मी ऐकतच नाही, पहिल्या पानावर मी तिला काळे केस दिलेले असतात, घातलेली वेणी आता कोण सोडणार? पण ते मी मनातल्या मनात करते. छापून चार लोकांना दाखवत नाही!

खरा त्रास वेगळाच आहे. काल सदानंदची दुसरी कथा लिहायला बसले आणि तो पहिल्यांदाच वळला. इतकी वर्षं पाठमोरा बसलेला माणूस, वळून माझ्याकडे बघितलं, चेहरा स्वच्छ दिसला, नाक, हनुवटी, सगळं. आणि मिशी. टोकं वर. मी डोळे मिटून ती पुसायला बघितली तर खालचा ओठही गेला.

शेवटी पहिल्याच ओळीत त्याची दाढीमिशी साफ करून घेतली. लिहूनच टाकलं, 'सदानंदला मिशी नव्हती, आधीही नव्हती.' कथेच्या सुरुवातीला हे वाक्य अगदी पोलिसांतल्या जबाबासारखं वाटतं, पण असू दे. लगेच पाठवून दिली.

आज सकाळी चित्रकारांचा मेसेज आला. "मॅडम, मिशीचं वाचलं. डोक्यावर केस आहेत असं कुठे दिसलं नाही, तर टक्कल काढतोय."